मिठाचा हिशेब : समुद्रातला आणि स्वयंपाकघरातला

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दोन विषय सुचवले गेले होते. कार्यक्रम समितीतल्या एका काकांनी वर्तमानपत्रात समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांबद्दल वाचलं होतं. ते म्हणाले, 'तू पाण्याच्या खात्यात आहेस, समुद्र का तापतो आणि त्याचा आपल्या पावसाशी काय संबंध, ते सांग.' महिला मंडळाचं म्हणणं, 'समुद्राचं राहू दे, मीठ आणि बीपी यावर बोला. घरोघरी तेच चाललंय.' वेळ एकच, पाऊण तास. विचार केला तर दोन्हीकडे मीठ आहे, पाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी जे घडतं ते वरून दिसत नाही. तेव्हा दोन्ही बोलतो. महिला मंडळाला थोडा जास्त वेळ देईन, कारण नंतर चहा त्यांच्याच हातचा आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, हवामानशास्त्रज्ञही नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षांहून जास्त काळ राज्य शासनात पाण्याच्या कामावर आहे. आमचं काम मोजण्याचं. किती आलं, किती गेलं, किती उरलं. मीठ काय आणि उष्णता काय, मी त्यांच्याकडे याच सवयीने बघतो.

इथल्या बऱ्याच जणांचे वडील-आजोबा १९५६ नंतर भोपाळला आले. नागपूरची राजधानी गेली आणि कारभार इकडे आला, तेव्हा काही जण फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आले. काही हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात लागले आणि बरखेड्याच्या, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये स्थिरावले. येताना लोणच्याच्या बरण्या आल्या, समुद्र काही आला नाही. मुंबई इथून रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर. पण पाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर आपण दोन समुद्रांचे शेजारी आहोत. कोलार नदीचं पाणी आपण पितो, ती नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. बडा तालाब १६६६.८० फुटांवर भरला की भदभद्याचे दरवाजे उघडतात, ते बघायला आपण भजी घेऊन जातो. ते पाणी कलियासोतमधून बेतव्याला, बेतव्यातून यमुनेला, पुढे गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. एका शहराचं पाणी दोन समुद्रांत. आणि पावसाळ्यात वारे उलटं पाणी घेऊन येतात, तेही याच दोन समुद्रांवरून.

आता समुद्राला ताप येतो म्हणजे काय? शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याची व्याख्या ठरवली. एखाद्या जागी, वर्षाच्या त्या दिवसांत, तीस वर्षांच्या नोंदींमधली सगळ्यात गरम दहा टक्के तापमानं काढायची. पाणी त्या पातळीच्याही वर गेलं आणि सलग पाच दिवस किंवा जास्त तिथेच राहिलं, तर ती सागरी उष्णतेची लाट. म्हणजे ही लाट डिसेंबरातही येऊ शकते, कारण तुलना त्या हंगामाशी आहे. मूळ तापमानापेक्षा एक-दोन अंशांची वाढ, त्यात काय एवढं, असं वाटेल. आपल्या अंगात ३७ चे ३९ झाले तर आपण काय करतो? माशाला तर पळायला जागा तरी असते. प्रवाळ जागच्या जागी चिकटलेले असतात, ते पांढरे पडतात.

पहिलं कारण साधं आहे. आकाश निरभ्र, ऊन भरपूर आणि वारा पडलेला. वारा समुद्रासाठी दोन कामं करतो. पाण्याची वाफ करून उष्णता काढून नेतो आणि पाणी ढवळून खालचं गार पाणी वर आणतो. उन्हाळ्यात माठ खिडकीत ठेवला तर पाणी गार होतं, बंद कपाटात ठेवला तर होत नाही. तसंच. एका मोठ्या क्षेत्रावर हवेचा दाब जास्त होऊन आठवडेच्या आठवडे वारा मंद राहिला, की वरचं पाणी तापत जातं.

दुसरं कारण थराचं. समुद्राचा वरचा थर वाऱ्याने ढवळला जातो, त्याखाली गार आणि जड पाणी. हा वरचा थर तीस मीटर जाड असेल तर ऊन तीस मीटर पाण्यात वाटलं जाईल. दहा मीटरच असेल तर तेवढंच ऊन त्याला जवळपास तिप्पट तापवील. थर किती जाड राहणार हे वाऱ्यावर ठरतं आणि मिठावर ठरतं.

इथे आपलं मीठ येतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात त्याहून थोडे जास्त, कारण तिथे वाफ खूप होते आणि मोठ्या नद्या कमी मिळतात. बंगालच्या उपसागरात उलट. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, एवढं गोडं पाणी येऊन पडतं की उत्तरेकडे पावसाळ्यानंतर खारटपणा बराच उतरतो. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि झाकणासारखं बसतं. खालचं गार पाणी वर येऊ शकत नाही, वरची उष्णता खाली जाऊ शकत नाही. गोदावरीत आपल्या सिवनीची वैनगंगाही आहे, गंगेत आपला बेतवाही आहे. म्हणजे त्या झाकणात चमचाभर पाणी भदभद्याचंही असेल, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरं कारण दूरच्या पाहुण्यांचं. प्रशांत महासागरात एल निनो झाला की त्याची उष्णता वातावरणाच्या वाटेने हिंदी महासागरापर्यंत पोचते. हिंदी महासागराचा स्वतःचाही एक झोका आहे, कधी पश्चिमेची बाजू गरम तर कधी पूर्वेची. २०१९ साली पश्चिम बाजू फार तापली होती. कुठे कुठे समुद्रातला प्रवाहच गरम पाणी ओढून आणतो. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तसं झालं आणि पाण्याखालच्या शेवाळाच्या जंगलांचा सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा गेला.

आणि चौथं कारण, ज्याच्यामुळे बाकीची तिन्ही जड होतात. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. समुद्राचा वरचा अडीच-तीन मीटरचा थर धरला तरी त्यात अख्ख्या वातावरणाएवढी उष्णता मावते. समुद्र हा आपला थोरला भाऊ आहे, निमूट सोसणारा. पण पायाच वर उचलला गेला की साध्या उन्हाळ्यातही डोकं छताला लागतं. पूर्वी वारा पडला तर पाणी थोडं तापून परत येई. आता तेवढ्याच शांत वाऱ्यात ते लाटेची पातळी ओलांडतं.

याचा आपल्याशी काय संबंध? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ ते २०१८ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागात अशा ६६ लाटा सापडल्या आणि बंगालच्या उपसागरात ९४. पश्चिमेकडे त्या दर दशकाला दीडच्या वेगाने वाढताहेत. त्याच अभ्यासात निघालं, की या लाटा आल्या की मध्य भारतातला पाऊस कमी होतो आणि दक्षिणेकडचा वाढतो. मध्य भारत म्हणजे कोण? आपण, मंडळी. विदर्भ, होशंगाबाद, सीहोर, रायसेन. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. समुद्रच तापला की फरक कमी होतो, वाऱ्याचा जोर उतरतो आणि ढग जमिनीवर येण्याऐवजी समुद्रावरच बरसतात.

आणि गंमत बघा, एकूण पाऊस कमी होत असताना झोडपणारा पाऊस मात्र वाढला. त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ सालचा अभ्यास सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. ती वाफ बऱ्याच अंशी अरबी समुद्राची. आमच्या नोकरीत याचा अर्थ फार सरळ आहे. तलाव भरतो तो हळूहळू पडणाऱ्या पावसाने. चार दिवसांचा पाऊस चार तासांत पडला की दरवाजे उघडावे लागतात, आणि फेब्रुवारीत गव्हाला शेवटचं पाणी देताना शेतकरी आमच्या तोंडाकडे बघतो. सोयाबीनवाल्याची तर ऑगस्टातच परीक्षा.

२०२० च्या मे महिन्यात बंगालच्या उपसागरात अशीच लाट होती. अम्फान वादळाने त्याच महिन्यात झपाट्याने जोर धरला, त्यामागे ते तापलेलं पाणी होतं असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हाच तिकडे मन्नारच्या आखातात ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडले. २०२४ साली लक्षद्वीपमध्ये तसंच झालं. वादळ टीव्हीवर दिसलं. समुद्राचा ताप कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही, तो फक्त मोजणाऱ्यांना कळला. समुद्रात आर्गो नावाचे हजारो तरंगते मापक सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटरपर्यंत खाली जातात आणि साधारण दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला दोन गोष्टी सांगतात, पाणी किती गरम आणि किती खारट. हैदराबादची सागरी माहिती संस्था आता उष्णतेच्या लाटांचे इशारेही देते. समुद्राची नाडी बघण्याचं हे यंत्र झालं.

आता आपल्या नाडीकडे वळतो.

समुद्रातून मीठ आपल्या डब्यात येतं ते मिठागरांतून. कोकणातल्या मंडळींनी वसई-उरणची मिठागरं पाहिली असतील. १९३० साली गांधीजी दांडीला गेले, तेव्हा आपल्याकडे शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. गरिबाच्या मिठावर कर नको म्हणून. मीठ इतकं महत्त्वाचं, की खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा आपण करतो. त्यामुळे मीठ कमी करा असं सांगणारा माणूस आपल्याला थोडा कृतघ्नच वाटतो. माझी आई तर अळणी वरणाला 'दवाखान्याचं वरण' म्हणते.

मिठात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असतं. शरीर रक्तातल्या सोडियमचं प्रमाण फार काटेकोरपणे राखतं. आपण जास्त मीठ खाल्लं की प्रमाण बिघडू नये म्हणून शरीर पाणी धरून ठेवतं. तहान लागते, आपण पाणी पितो आणि रक्ताचं एकूण माप वाढतं. नळ तोच, पाणी जास्त, म्हणजे दाब वाढणार. मग मूत्रपिंडं त्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर जादा मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. तरुण, निरोगी माणसात हे बिनबोभाट होतं. वय वाढलं, मधुमेह आला, मूत्रपिंडं थकली, की तेवढंच मीठ बाहेर टाकायला त्यांना जास्त दाब लागतो. तो दाब मग उतरतच नाही, मुक्कामाला राहतो. शिवाय वर्षानुवर्षं जास्त मीठ खाल्लं की नळाची भिंतही कडक होते. रबराची नळी आणि जुना लोखंडी पाइप यांत जो फरक, तोच.

सगळ्यांना मीठ सारखं बाधत नाही. एकाच पंगतीत बसलेल्या दोन भावांपैकी एकाचं बीपी मिठाने वर जातं, दुसऱ्याचं फारसं हलत नाही. पण आपण कुठल्या भावात आहोत हे चेहऱ्यावरून कळत नाही.

माझे वडील 'मला बीपी नाही' असं ठासून सांगायचे. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, रोज सकाळी बरखेड्याहून चालत फिरून यायचे. एका पहाटे चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यात पहिला आकडा आला तो २००च्या वर. सात वर्षं ते त्या हाताशिवाय जगले. शेवटी शेवटी डाव्या हाताने सही करायला शिकले होते, पेन्शनसाठी. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. इथे असे अनेक काका बसलेत, ज्यांचं शेवटचं बीपी रिटायरमेंटच्या मेडिकलला मोजलं होतं.

मीठ आणि दाब यांचा संबंध जगभर तपासून झाला आहे. १९८८ साली इंटरसॉल्ट नावाचा अभ्यास आला. ३२ देशांतली ५२ ठिकाणं, दहा हजारांहून जास्त माणसं, चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातलं सोडियम मोजलं. ब्राझीलच्या जंगलातली यानोमामी जमात जवळपास मीठ खातच नाही. त्यांचं बीपी कमी होतं आणि वयाबरोबर वाढतही नव्हतं. आपल्याकडे आपण 'वय झालं की बीपी यायचंच' असं म्हणतो. ते वयाचं असतं तितकंच बरणीचंही असतं. पुढे २०१३ साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. दिवसाचं मीठ सुमारे साडेचार ग्रॅमने कमी केलं, तर बीपीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचच्या वर उतरतो आणि बीपी नसलेल्यांचा अडीचच्या आसपास. पाच म्हणजे काही मोठं नाही, असं कुणी म्हणेल. एका माणसाच्या दृष्टीने नसेलही. पण गोळी घेतल्यावर जे उतरतं, त्याचा बराच मोठा हिस्सा तो आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

वादही आहे, तो लपवत नाही. २०१४ साली प्युअर नावाच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की फार कमी मीठ खाणाऱ्यांमध्येही धोका वाढलेला होता. त्यावर आक्षेप असा, की त्यांनी एका वेळच्या लघवीवरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधला होता. एकदा नदीवर जाऊन वर्षाचं पाणी सांगण्यासारखं ते आहे. आमच्या खात्यात तसं केलं तर साहेब अहवाल परत पाठवतील. शिवाय आजारी माणसं आधीच कमी खातात, मग कमी मीठ कारण की परिणाम? माझ्या मते आपल्याला या वादात शिरण्याची गरजच नाही, कारण आपण त्या खालच्या टोकाच्या आसपासही नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळं धरून. आपल्या देशातल्या पाहणीत सरासरी निघाली ८ ग्रॅम. पुरुष ८.९, बायका ७.१.

'आमच्याकडे फार खारट खात नाहीत' असं प्रत्येक घर म्हणतं. म्हणून एक सोपी मोजणी सांगतो. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल, त्या दिवशी पेनाने तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. चार माणसांचं घर असेल आणि पिशवी महिन्यात संपली, तर प्रत्येकी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर झालं. पाच ग्रॅमच्या हिशेबाने चार माणसांना महिन्याला सहाशे ग्रॅम पुरायला हवं, म्हणजे किलोची पिशवी पन्नास दिवस. यात बाहेरची शेव, फरसाण, पाव, बिस्किटं आलीच नाहीत. लोणची-पापडांच्या दिवसांत हिशेब चुकेल, ते महिने सोडा.

बाहेरच्या पाकिटाचा हिशेबही अवघड नाही. मागे बारीक अक्षरांत १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. ८०० लिहिलं असेल तर १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅम मीठ. क्रिकेटची मॅच बघताना शंभर ग्रॅम शेव कशी संपते हे मला विचारू नका. आपण राहतो मध्य प्रदेशात. इथे पोह्यांवर शेव, कचोरीवर शेव, आमच्या एका मित्राकडे वरणभातावरही शेव.

मराठी घरांचं मीठ मात्र ताटाच्या डाव्या बाजूला जास्त आहे. लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची, कुरडई, सुकट. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, तोही सोडियमचाच क्षार. ढोकळ्यातला खाण्याचा सोडाही. पोळीच्या कणकेत, भाताच्या पाण्यात, ताकात, कोशिंबिरीत थोडं थोडं, आणि शेवटी पानात चिमूटभर वाढलेलं. देवाच्या नैवेद्याच्या ताटात आमच्याकडे वेगळं मीठ वाढत नाहीत. बाप्पाचं बरं आहे.

उपासाला सैंधव चालतं म्हणून ते औषधी, आणि गुलाबी मीठ तर त्याहून औषधी, असा एक समज आहे. सैंधव, गुलाबी, काळं, खडे मीठ, सगळ्यांत मुख्य पदार्थ सोडियम क्लोराइडच. बीपीला रंग कळत नाही. उलट सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. फक्त तेच वापरलं तर गलगंडाचा जुना प्रश्न परत उभा राहील.

कमी कसं करायचं? एकदम अळणी करू नका, घरात बंड होईल. आधी पानातलं वरचं मीठ बंद करा, मग कणकेतलं आणि भातातलं. भाजीतलं दर आठवड्याला थोडं थोडं. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते, मग बाहेरचंच खारट लागायला लागतं. लिंबू, आमसूल, आमचूर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओली मिरची यांनी मिठाची उणीव बरीच भरते. कोशिंबिरीत मीठ वाढताना घाला, पाणीही सुटत नाही आणि कमी मिठात चव वर लागते. दुसऱ्या बाजूने भाज्या, फळं, डाळी वाढवा. त्यांतलं पोटॅशियम सोडियमला बाहेर काढायला मदत करतं. आईने दोन महिन्यांनी एकदा विचारलं होतं, 'हल्ली बाजारातलं मीठच जास्त खारट येतं का रे?' मी काही बोललो नाही.

याच पोटॅशियमचा उपयोग करून चीनमध्ये एक मोठा प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहाशे खेडी, जवळपास एकवीस हजार माणसं. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी असं मीठ दिलं ज्यात एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड होतं. पक्षाघाताचे झटके १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू १२ टक्क्यांनी. असं मीठ आता आपल्याकडेही 'लो सोडियम' म्हणून मिळतं. पण इथे थांबा. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका, विशेषतः एकत्र कुटुंबात, कारण भाजी एकाच कढईत होते.

आणखी दोन सावधगिऱ्या. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसांनी मीठ अगदी बंद केलं, तर सोडियम फार उतरून गोंधळल्यासारखं होतं, चक्कर येते. आणि जुलाब झाले की ओआरएस द्यायचंच, बीपी आहे म्हणून टाळायचं नाही. गोळ्या मात्र मीठ कमी केलं म्हणून स्वतःच्या मनाने सोडायच्या नाहीत. २०१७ साली देशातल्या पाच राज्यांत बीपी नियंत्रणाचा जो सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यात आपला मध्य प्रदेशही होता आणि महाराष्ट्रही. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात, त्या घ्यायला लाज कसली?

प्रश्नोत्तरं चहाबरोबर करू. दंडाला पट्टा बांधून पारा बघण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली, तीच आजही चालते. मागच्या दोन टेबलांवर मशीन ठेवली आहेत आणि ओळखीच्या दोन सिस्टर आल्या आहेत. अर्ध्या तासात चहा, तंबाखू घेतली असेल तर थोडं थांबा. लघुशंका उरकून या. खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नको, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर टेकलेला, बाही वर. मोजताना बोलायचं नाही, हे आपल्या मंडळाला कठीण आहे. एक मिनिट सोडून दोनदा मोजतील, दोन्ही आकडे कागदावर लिहून देतील. १४० किंवा ९० च्या वर आलं तर घाबरू नका, एका दिवसावरून ठरत नाही. तोच कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ज्यांचे दंड जाड आहेत त्यांच्यासाठी मोठा पट्टा मागवला आहे, तो डावीकडच्या टेबलावर. आरतीला अजून चाळीस मिनिटं आहेत. साठीच्या वरच्या काकांनी आधी रांग लावावी, काकूंनी त्यांना उठवावं.